पाय जमिनीला टेकतात तेव्हा

समोर पंधरा फुटी भिंत. माणूस तिच्यापुढे उभा राहतो, गुडघे किंचित वाकवतो, आणि पुढच्याच क्षणी भिंतीवर असतो. जुन्या चिनी तलवारबाजीच्या चित्रपटांत हे इतक्या वेळा घडतं की पाच-सहा चित्रपटांनंतर आपण त्याकडे लक्षही देत नाही. लक्ष द्यायला हवं ते तिथेच. वर जाणारं शरीर थोडा वेळ विसरा आणि पायांकडे पाहा: जमीन सोडताना पावलं कशी होती, आणि टेकताना कशी आहेत. चांगला चित्रपट आणि टाकाऊ चित्रपट यांतला फरक बहुतेक वेळा तिथे सापडतो.

या प्रकाराला चिनी भाषेत वूश्या म्हणतात. शस्त्रविद्येत मुरलेले, राजसत्तेपेक्षा स्वतःच्या शब्दाला जास्त बांधलेले भटके योद्धे, त्यांचे गुरू, गुरुबंधू, पंथ, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वैरं. कुंग-फूच्या चित्रपटांशी याची सरमिसळ होते, पण दोघांचा पिंड वेगळा. कुंग-फूपटात मूठ आणि घाम असतो, काळ बहुधा अलीकडचा असतो. वूश्यात तलवार असते, बहुधा जुन्या सम्राटांचा काळ असतो आणि माणसं छपरांवरून पळतात. श्वासावर ताबा मिळवला की शरीर हलकं होतं, एवढंच त्याचं कथेतलं स्पष्टीकरण. त्यापुढे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

पण पडद्यावर माणूस खरंच चढवायचा, तर कुणीतरी तो चढवावा लागतो. साठच्या दशकात दिग्दर्शक किंग हू यांनी यासाठी जी पद्धत वापरली, ती मला आजही सगळ्यांत शहाणपणाची वाटते. ते वायरींवर फारसे विसंबले नाहीत. चौकटीच्या खालच्या कडेखाली, दिसणार नाही असं छोटं ट्रॅम्पोलिन ठेवायचं आणि उडी संकलनाच्या टेबलावर जोडायची. पहिल्या शॉटमध्ये नट गुडघे वाकवतो आणि चौकटीच्या वरच्या कडेतून बाहेर जातो. दुसऱ्यात आकाश, झाडांचे शेंडे आणि त्यातून तिरपा निघून जाणारा झग्याचा घोळ. तिसऱ्यात पाय टेकतात. मधला शॉट अर्ध्या सेकंदाहूनही लहान. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ८ फ्रेमचा शॉट म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. काहीतरी गेलं एवढंच डोळ्याला कळतं, कसं गेलं ते कळायच्या आत माणूस पलीकडे पोहोचलेला असतो.

एवढी घाई का, याचं कारण साधं आहे. ट्रॅम्पोलिनवरून उसळलेलं शरीर वर जाता जाता मंदावतं, माथ्यावर क्षणभर रेंगाळतं, मग खाली येतं. ते रेंगाळणं दिसलं की प्रेक्षकाला गादीवर उड्या मारणारा माणूस दिसतो. म्हणून शरीर मंदावायच्या आत कापायचं आणि पुढचा शॉट वेग आलेला असतानाच सुरू करायचा. नकलाकारांनी ट्रॅम्पोलिन उचललं, कात्री उचलली नाही. सत्तरच्या दशकातल्या स्वस्त तैवानी चित्रपटांत नट दोन्ही पाय जुळवून टुणकन उडतो, माथ्यावर हात फडफडवतो आणि उतरताना त्याच्या टाचांखाली कडेला गादीचा कोपरा दिसतो.

दुसरी जुनी युक्ती म्हणजे उलटं चित्रण. नटाने भिंतीवरून पाठमोरी खाली उडी मारायची आणि फिल्म उलटी चालवायची. स्वस्त, सुरक्षित आणि एका शॉटमध्ये होणारी. हिची चोरी कपडा पकडून देतो. खाली पडताना झगा आणि केस वर उडतात. तेच उलटं चालवलं की माणूस वर चाललेला आणि झगाही त्याच्या पुढे वर धावणारा. खरं तर वर जाणाऱ्याच्या मागे कपडा खाली ओढला जायला हवा. पायाखालची धूळही पाहावी: उलट्या शॉटमध्ये ती पसरत नाही, गोळा होते. जाणता दिग्दर्शक अशा वेळी नटाला घट्ट कपडे घालतो, केस बांधतो आणि जमीन ओली करून घेतो.

हे सगळं तंत्र झालं. त्याला वजन येतं ते तालामुळे. किंग हूंचे लढाई-दिग्दर्शक हान यिंगज्ये पेकिंग ऑपेराच्या तालमीत घडलेले होते. त्या रंगभूमीवर लढाई म्हणजे मारामारी कमी आणि ठेका जास्त. लाकडी टाळ्या, छोटा ढोल, झांजा. त्यांवर पावलं पडतात, आणि प्रत्येक झटापटीच्या शेवटी नट एका ठाशीव मुद्रेत गच्च थांबतो. सिंधुदुर्गातल्या दशावतारातलं युद्ध ज्यांनी रात्री जागून पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही: तलवारी एकमेकींना शिवतही नाहीत, घाव सगळे मृदंग आणि झांज घालत असतात. हेच थांबे हू यांनी कॅमेऱ्यासमोर आणले. त्यांच्या लढाया नीट पाहिल्या तर अर्धा वेळ माणसं उभी असतात. एकमेकांचा अंदाज घेत, सरकत, तलवारीचं टोक एक बोटभर वर-खाली करत. मग तीन सेकंदांत दहा घाव. मग पुन्हा उभी.

या थांब्यांसाठी त्यांनी जी जागा निवडली तिचं मला फार कौतुक आहे. खानावळ. रस्त्याच्या कडेची, खाली टेबलं, वर खोल्या, मध्ये जिना आणि सज्जा. 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६), 'ड्रॅगन इन' (१९६७), 'द फेट ऑफ ली खान' (१९७३) या तिन्ही चित्रपटांचा जीव खानावळीत आहे. वूश्याच्या जगात ही एकच जागा अशी, जिथे वैरी एकमेकांशेजारी बसून जेवू शकतात. कोण कुणाचा माणूस, हे कुणालाच माहीत नसतं. शस्त्रं टेबलावर किंवा टेबलाखाली. दारूत विष असू शकतं. वेटर गुप्तहेर असू शकतो. उंची हवी तर सज्जा आहे, आडोसा हवा तर खांब आहेत, फेकायला बाक, सुरया, चॉपस्टिक्स. म्हणजे लढाईसाठी लागणारं सगळं सामान पहिल्या दोन मिनिटांत, कुणाच्या लक्षातही न येता, मांडून झालेलं असतं.

'कम ड्रिंक विथ मी'मधला प्रवेश पाहा. दरोडेखोरांनी राज्यपालाच्या मुलाला पळवलंय, बदल्यात त्यांना त्यांचा पकडलेला म्होरक्या हवाय. सोडवायला येते त्याची बहीण, पुरुषवेशात. चेंग पेई-पेई तेव्हा जेमतेम विशीची, नृत्य शिकलेली. ती खानावळीत येते, एकटी बसते, दारू मागवते. हळूहळू आजूबाजूची टेबलं भरू लागतात. कुणी काही बोलत नाही. मग एकेक वस्तू तिच्या दिशेने यायला लागते: आधी दारूचं भांडं, मग बाक, मग नाणी. ती उठत नाही. बसल्या जागी हाताच्या एका वळणात प्रत्येक गोष्ट परतवते. संपूर्ण प्रवेशात ती जितकी कमी हलते तितका तिचा दरारा वाढतो. नर्तकीला हे जमतं, कारण कुठे थांबायचं हे तिच्या अंगात असतं. चेंग पेई-पेई यांना तलवार चालवता येत होती का, हा प्रश्नच इथे गौण ठरतो. (त्या पुरुष दिसत नाहीत, अजिबात दिसत नाहीत. तो एक संकेत आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायचं.)

'ड्रॅगन इन'मध्ये खेळ आणखी घट्ट. मिंग राजघराण्याच्या दरबारातल्या एका निष्ठावंत मंत्र्याचा शिरच्छेद झालाय, मुलं सरहद्दीकडे हद्दपार केलीत, आणि त्यांना वाटेतच संपवायला खोजा सरदार चाओची माणसं आधीच खानावळ बळकावून बसलीत. तेवढ्यात छत्री घेतलेला एक पाहुणा येतो. नट शी जुन. जागा नाही म्हणून सांगितलं तरी जात नाही, जेवण मागवतो. पुढची काही मिनिटं त्याला घालवण्याचे आणि मारण्याचे डाव चालतात, तेही वरकरणी आदरातिथ्याच्या भाषेत. नूडल्सचा वाडगा हवेतून जातो आणि पलीकडच्या टेबलावर नीट बसतो. इथे चमत्कार आहे, पण तो वाडग्याएवढा. हू यांचं गणित असं की आधी छोटी अशक्य गोष्ट पटवायची, मग मोठी. वाडगा पटला की माणूस पटतो.

शेवटी चाओ स्वतः येतो. त्याची तलवार कुणाला झेपत नाही, पण त्याला दमा आहे. चौघे-पाच जण त्याला घेरतात, भोवती फिरतात, खोजेपणावरून डिवचतात, त्याचा श्वास चढवतात. जिंकण्याचं कारण प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसतं आणि कानांनी ऐकू येतं. अमानुष शक्तीच्या माणसाला अगदी मानवी दुखणं देणं, यावर अर्धी लढाई उभी आहे.

या प्रकाराचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. १९२८ साली शांघायच्या मिंगशिंग कंपनीने 'रेड लोटस मंदिर' जळण्याची कथा पडद्यावर आणली. ती एवढी चालली की १९३१पर्यंत तिचे १८ भाग निघाले. मग सरकारने अंधश्रद्धा पसरवते म्हणून त्यावर बंदी घातली. फिल्म आज उपलब्ध नाही. पुढे धंदा हाँगकाँगला सरकला, आणि १९६१मध्ये शॉ ब्रदर्सने क्लिअरवॉटर बे इथे आपली चित्रनगरी उघडल्यावर रंगीत, रुंद पडद्याच्या वूश्यापटांचा कारखानाच सुरू झाला. किंग हू 'कम ड्रिंक विथ मी' करून तिथून बाहेर पडले आणि तैवानला गेले. कारखान्याचा वेग त्यांना मानवणारा नव्हता.

कारखान्यात राहिलेले चांग चेह मात्र दुसऱ्याच रस्त्याने गेले, आणि तोही रस्ता मोठा आहे. त्यांचा 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (१९६७) हा हाँगकाँगमध्ये दहा लाख हाँगकाँग डॉलरांचा गल्ला पार करणारा पहिला स्थानिक चित्रपट. गुरूच्या लाडावलेल्या मुलीने हात तोडलेला शिष्य, अर्धी जळालेली शस्त्रविद्येची पोथी आणि वडिलांची मोडकी तलवार. इथे उड्डाण जवळजवळ नाहीच. आहे ते हत्याराचं तर्कशास्त्र. खलनायकांनी एक चिमटा तयार केलाय. त्या पंथाचा ठरलेला वार आला की चिमट्यात तलवारीचं पातं अडकवायचं आणि दुसऱ्या हातातल्या सुरीने पोटात खुपसायचं. एकामागून एक गुरुबंधू असेच मारले जातात. नायक वाचतो, कारण त्याची तलवार मोडकी, आखूड आहे. चिमट्याला पकडायला पातंच पुरत नाही. त्यात तो डावखुरा लढतो आणि शिकवलेल्या पद्धतीने लढत नाही. जे जे त्याचं व्यंग, ते ते त्या चिमट्यावरचं उत्तर. पटकथेच्या वर्गात शिकवावं इतकं हे घट्ट बांधलेलं आहे. लढाया लाउ कार-ल्युंग आणि टोंग गाई यांनी बसवल्या. रक्त जरा जास्तच सांडतं, तो चांग चेह यांचा स्वभाव.

आता वायरींकडे येऊ. ऐंशीच्या दशकात हाँगकाँगमध्ये नवे दिग्दर्शक आले आणि त्यांना तुकड्यातुकड्यांनी सुचवलेली उडी पुरेनाशी झाली. त्यांना अखंड उड्डाण हवं होतं. पद्धत अशी: नटाच्या कपड्यांखाली कमरेला आणि मांड्यांना हार्नेस आवळायचा, त्याला पोलादी तारा जोडायच्या, तारा वरच्या कप्पीवरून घेऊन दुसऱ्या टोकाला दोर, आणि दोर ओढायला माणसं. मोटर नाही, माणसंच. लढाई-दिग्दर्शकाच्या इशाऱ्यावर ती पळत सुटतात आणि नट वर जातो. अंदाज हुकला, एकाने आधी ओढलं आणि दुसऱ्याने उशिरा, तर नट तिरपा होतो किंवा घड्याळाच्या लंबकासारखा झुलत राहतो.

तार एकच आणि पाठीला असेल तर शरीर मधून मोडतं: डोकं आणि पाय खाली लोंबतात, कंबर वर. ते टाळायला नटाला पोट आणि पाठ सतत ताठ धरावी लागते, चेहऱ्यावर मात्र निवांतपणा ठेवून. दोन तारा नितंबांच्या दोन बाजूंना जोडल्या की कोलांटी घेता येते, पण मग कपड्याला तिथे चुण्या पडतात. वायर ओळखायची तर आकाशात शोधू नये, कमरेच्या बाजूला ताणलेला कपडा पाहावा. शिवाय उडी मारणारा माणूस आधी खाली दबतो, मग उसळतो. ओढला जाणारा दबत नाही. आधी त्याची कंबर वर जाते, मग पाय निघतात. ज्यांनी ऑपेराच्या शाळांत बालपण घालवलं ते नट तार ओढली जायच्या निमिषभर आधी स्वतःच्या बळावर उसळी घेतात. युएन बियाओ यांची कुठलीही उडी पाहा, ओढ कुठे सुरू झाली ते सापडत नाही.

तारा लपवायची व्यवस्था सगळी चित्रीकरणाच्या वेळीच करावी लागे, कारण नंतर पुसायची सोय नव्हती. म्हणून तार शक्य तितकी बारीक, मागच्या पार्श्वभूमीच्या रंगाने रंगवलेली. बारीक तार म्हणजे तुटायची भीती. म्हणून शॉट छोटा. म्हणून रात्र, धूर, मागून येणारा निळा प्रकाश. 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' (१९८७) डोळ्यांसमोर आणा: धुक्यातलं जंगल, लांबलचक रेशमी बाह्या, हवेत वळवळणारे पट्टे, झाडांमधून तरंगत जाणारी जोई वाँग. तो सगळा थाट सुंदर आहेच, पण त्यातला प्रत्येक घटक तार झाकायचं कामही करतो. रेशमाचा पट्टा चौकटीत आडवा-तिडवा सळसळत असताना त्यातली एक बारीक रेघ कोण शोधणार? दिग्दर्शक चिंग सिऊ-तुंग स्वतः लढाई-दिग्दर्शनातून आलेले, त्यामुळे त्यांच्याकडे सौंदर्य आणि सोय वेगळी काढताच येत नाही. गोष्ट मुळात पू सोंगलिंग यांच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या भूतकथांच्या संग्रहातली आहे. त्याच संग्रहातल्या एका कथेवरून किंग हूंनी 'अ टच ऑफ झेन' केला.

त्याआधी १९८३मध्ये त्सुई हार्क यांनी 'झू: वॉरियर्स फ्रॉम द मॅजिक माउंटन' काढला. विशेष दृश्यांसाठी त्यांनी हॉलिवूडचे जाणकार बोलावून घेतले आणि हाँगकाँगच्या कारागिरांनी त्यांच्याकडून काम शिकून घेतलं. चित्रपट धडपणे समजत नाही. एका साधूने आपल्या लांब पांढऱ्या भुवयांनी रक्तपिशाच्चाला जखडून ठेवलंय आणि बाकीच्यांनी ४९ दिवसांत जुळ्या तलवारी शोधून आणायच्यात, एवढं धरून ठेवलं की पुरे. भुवयांनी! सामो हुंग हे इतक्या गंभीर चेहऱ्याने करतात की हसू आलं तरी आपण त्या भुवयांच्या बाजूने होतो. सुरुवातीच्या रंगीबेरंगी गणवेशांच्या फौजांच्या मारामारीत युद्धाची जी थट्टा आहे, ती मात्र अजिबात गोंधळलेली नाही.

वेग वाढवायची आणखी एक सवय याच काळात जडली आणि मग सुटता सुटेना. कॅमेरा सेकंदाला २४ऐवजी २२ फ्रेमवर चालवायचा आणि दाखवताना २४वर. हालचाल साधारण नऊ टक्क्यांनी जलद होते, कुणाला कळत नाही. २०वर नेलं की वीस टक्के. इथे घाव चपळ दिसतात, पण झग्याचा घोळ फाजील फडफडतो, पाण्याचे थेंब घाईने पडतात आणि मागे उभी असलेली माणसं मुंग्यांसारखी वळवळतात. म्हणून वेग वाढवलेल्या शॉटमध्ये मागची माणसं स्थिर उभी करतात किंवा काढूनच टाकतात. त्या काळी हाँगकाँगमध्ये आवाज जागेवर ध्वनिमुद्रित होत नसे, सगळं नंतर डब होई. म्हणून कॅमेऱ्याचा वेग हवा तसा बदलता येई आणि शॉट चालू असताना ओरडून सूचनाही देता येत. ओठ आणि शब्द मूळ भाषेतही जुळत नाहीत ते त्यामुळेच. तो प्रतीचा दोष नाही.

'स्वोर्ड्समन २' (१९९२) हा या सगळ्या अतिरेकाचा कळस. जिन योंग यांच्या कादंबरीतलं एक छोटं पात्र उचलून त्यावर चित्रपट तोललाय: सर्वोच्च विद्येसाठी स्वतःचं पुरुषत्व कापून टाकणारा आणि हळूहळू स्त्री होत जाणारा पंथप्रमुख. हत्यार काय, तर सुई-दोरा. ब्रिजिट लिन भरतकामाच्या सुया फेकतात आणि माणसं कोसळतात. समोर जेट ली, पण लक्षात राहतात त्या लिन. यातली उड्डाणं मला थकवतात. माणसं एवढी सलग हवेत असतात की जमिनीचा विसर पडतो, आणि मग उंच गेल्याचंही काही वाटत नाही. वाचवते ती लिन यांची नजर. त्या जेव्हा स्वस्थ बसून दारू पितात, तेव्हा चित्रपट पुन्हा जमिनीवर येतो.

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) येईपर्यंत संगणकावर तारा पुसता येऊ लागल्या होत्या. याचा खरा फायदा सुरक्षिततेचा: दिसण्याची भीती गेल्यावर जाड, भक्कम तारा वापरता आल्या, नटाला उघड्या प्रकाशात आणि लांब शॉटमध्ये ठेवता आलं. दुकानं मिटलेल्या बीजिंगच्या रात्री, छपरांवरचा तो पाठलाग आठवा. तान दुन यांचे ढोल एका लयीत, आणि लढाया बसवणारे युएन वू-पिंग. तरुण झांग झीयी पुनःपुन्हा वर सटकू पाहते आणि मिशेल यो तिचा पाय दाबते, कपडा ओढते, खाली आणते. एकीला निसटायचंय, दुसरीला तिला जमिनीवर धरायचंय. दोन्ही बायकांच्या आयुष्याची सगळी गोष्ट त्या ओढाताणीत आहे, आणि ती पावलांनी सांगितली जाते.

पुढे कवायतीच्या अंगणातली दोघींची लढत तर हत्यारांचा संग्रहच उघडते. धाकटीच्या हातात ती अजिंक्य तलवार, जी समोरचं काहीही कापते. थोरली एकेक हत्यार मांडणीवरून उचलते: जोडसुरे, भाला, आकडी तलवारी. एक अवजड गज उचलायला जाते तर तो उचलतच नाही. तेवढ्यापुरता हशा. प्रत्येक हत्यार तुटतं आणि प्रत्येक वेळी थोरली थोडी जास्त जिंकलेली असते, कारण हत्यार बदललं की अंतर बदलतं, पवित्रा बदलतो, आणि तिला सगळे पवित्रे येतात. धाकटीला फक्त तलवार येते. या एका लढतीसाठी चित्रपट दोनदा पाहावा. बांबूच्या शेंड्यांवरची प्रसिद्ध लढत मला त्यामानाने दुय्यम वाटते. देखणी आहे, पण तिथे कुणाला काय गमवायचंय ते विसरायला होतं. चीनमध्ये नायक चो युन-फाट आणि मिशेल यो यांच्या मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, उच्चारांना नाकं मुरडली गेली. आपल्याला ते कळायचं कारण नाही, आणि ते एका परीने बरंच आहे.

यातली थोरल्या पिढीची खलनायिका जेड फॉक्स म्हणजे चेंग पेई-पेई. चौतीस वर्षांनी.

घरी पाहायचं तर काही गोष्टी आधी सांभाळाव्यात. हे चित्रपट बहुतेक २.३५ : १ या रुंद आकाराचे आहेत. जुन्या टीव्हीच्या चौकटीसाठी कापलेल्या प्रतीत चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जातो, आणि जाणारा भाग म्हणजे नेमका दुसरा तलवारबाज. मग घाव हवेत बसतात. आजच्या टीव्हीवरही चित्र 'झूम' करून वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या घालवल्या तर पाव चित्र गेलं. पट्ट्या राहू द्याव्यात. त्याहून महत्त्वाचं, टीव्हीच्या सेटिंगमधलं हालचाल गुळगुळीत करणारं फीचर बंद करावं. ते दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने फ्रेम घुसवतं. किंग हूंचा आठ फ्रेमचा शॉट त्यात विरघळून जातो, हातात उरतो तो नुसता लगदा.

आवाजाचंही तसंच. शॉ ब्रदर्सचा संग्रह सेलेस्टियल कंपनीने विकत घेऊन २००२पासून साफसूफ करून बाजारात आणला. चित्रं लख्ख झाली, पण काही प्रतींत तलवारींचे नवे खणखणाट चढवले गेले. मूळ एकपदरी (मोनो) ध्वनिपट्टीचा पर्याय असेल तर तोच निवडावा. भाषा साठ-सत्तरच्या शॉ चित्रपटांना मँडरिन, ऐंशी-नव्वदच्या हाँगकाँगपटांना तिथली कँटोनीज. इंग्रजी डबिंग टाळावं. त्यात सगळे एकाच माणसाच्या आवाजात खेकसतात. किंग हूंच्या 'ड्रॅगन इन' आणि 'अ टच ऑफ झेन' या तैवानी चित्रपटांच्या ४के प्रती इटलीतल्या बोलोन्या इथल्या प्रयोगशाळेत तयार झाल्या आहेत. मिळाल्या तर त्याच घ्याव्यात.

क्रमाचं म्हणाल तर आधी 'ड्रॅगन इन', मग 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन', मग 'चायनीज घोस्ट स्टोरी', त्यानंतर 'क्राउचिंग टायगर'. 'अ टच ऑफ झेन' सगळ्यांत शेवटी. तो तीन तासांचा आहे आणि पहिली तलवार निघायला त्यात जवळपास तास जातो. तोवर एक चित्रं काढून पोट भरणारा पंडित, त्याची लग्नासाठी मागे लागलेली आई, गवत माजलेला ओसाड किल्ला आणि तिथे राहायला आलेली एक बाई. त्या तासाभरात हू किल्ल्याचा कोपरान्‌कोपरा दाखवून ठेवतात. पुढे रात्रीच्या लढाईत पंडिताने भुताटकीचे सापळे कुठे लावलेत हे आपल्याला मग सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या युक्तीवर खदखदा हसत फिरतो, आणि हळूहळू त्याला जमिनीवरची प्रेतं दिसू लागतात. हसण्याचा आवाज कुठे थांबतो ते ऐका. १९७५मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला तांत्रिक कामगिरीचा सन्मान मिळाला, त्याआधी घरच्या प्रेक्षकांनी तो नाकारला होता. एका बैठकीत जमत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नये. तैवानमध्ये तो मुळात १९७० आणि १९७१ असा दोन भागांतच लागला होता, आणि पहिला भाग बांबूच्या वनातल्या लढतीवर संपायचा. त्या बाईच्या भूमिकेतली शू फेंग शेंड्यावरून तलवारीसकट सरळ खाली झेपावते, तिथे पॉज दाबून जेवून घ्यायला हरकत नाही.